समेवर आलेल्या बाई

फोंड्याहून पणजीला निघालो की गाडीत नाट्यगीत लागतंच. रस्ता पाठ आहे, तरी मोबाईलवर नकाशा चालू ठेवतो. पुढे कुठे वाहनं तुंबलीत ते कळतं. परवा म्हार्दोळ मागे पडलं, अभिषेकीबुवांची तान समेवर येऊ लागली, माझा हात स्टिअरिंगवर थाप मारायला उचललेला, आणि बुवांचा आवाज एकदम दबला. नकाशातल्या बाई म्हणाल्या, 'सरळ चालत राहा.' बुवा मंगेशीचे. त्यांना त्यांच्याच वेशीवर दाबून ही वाट सांगायची, तीही सरळ!

बाईंचं संपताच बुवा पुन्हा मूळ आवाजात. सम गेली ती गेलीच.

याला 'ऑडिओ फोकस' म्हणतात. अँड्रॉइडमध्ये तो २०१० पासून आहे. ॲपने आवाज काढण्याआधी सिस्टिमकडे पाळी मागायची, आणि किती वेळ ठाण मांडणार तेही सांगायचं. नकाशा म्हणतो, दोनच शब्द बोलतो, तुमचं हळू चालू द्या. फोन म्हणतो, जरा थांबा. व्हिडिओ मात्र बैठकच मारतो. म्हणून फोन ठेवल्यावर गाणं आपसूक सुरू होतं आणि रील बघून झाल्यावर होत नाही. मी कित्येक दिवस मोबाईलच बिघडलाय असं समजून त्याला बंद-चालू करत होतो.

गाणं दबतं, पण मुलाखत लावली असेल तर ती बहुधा चक्क थांबते. बोलण्यावर बोलणं आलं तर दोन्ही वाया जातं, हे ॲप लिहिणाऱ्यांनी ओळखलंय. (आमच्या ग्रामसभेत अजून ओळखायचंय.) जत्रेच्या नाटकात नट बोलू लागला की पायपेटीवाला पाय हलका करतो, त्याला कोणी सांगावं लागत नाही. ॲपना सांगावं लागतं. पूर्वी तर सांगूनही न ऐकणारी होती, मग दोन गाणी एकमेकांच्या उरावर. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून नवं ॲप पाळी घेऊन बसलं की आधीच्याचा आवाज सिस्टिमच ओढून घेते.

तरीही पाळीच न मागणारी ॲप आहेतच. आईच्या मोबाईलवर सकाळी आरती चालू असते आणि त्याच वेळी ती पत्त्यांचा खेळ खेळते. पान पडलं की टपकन आवाज. झांजेच्या मध्येच टप, टप. काल मी खेळाचा आवाज बंद करायला हात पुढे केला.

"राहूं दी रे," ती म्हणाली, "पान पडलेलं कळायला नको?"

तेवढ्यात वाड्यावर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला. मोबाईल तसाच सोप्यावर ठेवून ती उंडे घ्यायला धावली. आरती चालूच होती.