सॅन फ्रान्सिस्को ते काउई शिडाच्या बोटीने: घरच्यांना लोकेशन कसं कळवायचं

उन्हाळ्यात मित्राच्या बोटीवर क्रू म्हणून सॅन फ्रान्सिस्कोहून हवाईतल्या काउई बेटाला गेलो, हनालेई बेपर्यंत साधारण २१०० नॉटिकल मैल. लाटा, मासे, सूर्यास्त यावर लिहिणारे खूप आहेत, मी फक्त हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं लिहितो.

गोल्डन गेट मागे पडलं की थोड्या वेळात मोबाइल जातो, बोटीची जागा आपोआप प्रसारित करणारं एआयएसही किनाऱ्यावरच्या रिसीव्हरला फार लांबून दिसत नाही, म्हणजे साताऱ्यात आईच्या स्क्रीनवर बोट एका जागी अडकलेली आणि तिचा जीव टांगणीला. आमच्याकडे लांब पल्ल्याचा एसएसबी रेडिओ, बॅकस्टेची (डोलकाठीला मागून ताणून धरणाऱ्या तारेची) केलेली अँटेना, लॅपटॉपचा डेटा रेडिओवरून पाठवणारं पॅक्टर मॉडेम आणि लॅपटॉपवर विनलिंक, म्हणजे रेडिओवरून ईमेल. पोझिशन रिपोर्ट टाकला की एपीआरएसच्या (हॅमवाल्यांची जागा दाखवणाऱ्या) ऑनलाइन नकाशावर तुमच्या कॉलसाइनखाली, म्हणजे लायसन्सच्या नंबराखाली, ठिपका येतो, घरच्यांना फक्त लिंक द्यायची. शिवाय १४.३०० मेगाहर्ट्झवर पॅसिफिक सीफेअरर्स नेट (ठरल्या वेळेला रेडिओवर भरणारी बैठक), ०३०० यूटीसी म्हणजे भारतात सकाळी साडेआठ, तिथे बोटींची हजेरी घेतात. स्टारलिंक असलं तरी हे बॅकअप म्हणून ठेवाच, एअरटाइमचा पैसा लागत नाही.

पण खरं काम निघायच्या आधीचं. घरी बजावून सांगा की ठिपका दोन दिवस हलला नाही म्हणजे बोट बुडाली असं नाही, प्रोपगेशन खराब असतं म्हणजे रेडिओलहरी नीट पोचत नाहीत, बॅटरी उतरलेली असते, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत पहिले काही दिवस थंडी आणि उसळता समुद्र, तेव्हा उलट्या करणारा माणूस खाली बसून लॅपटॉप उघडत नाही हो! किती दिवस गप्प राहिलो तर कोणी कोणाला फोन करायचा हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. खऱ्या संकटाला ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (उपग्रहामार्फत मदत मागणारा बीकन) आहेच, त्याच्या रजिस्ट्रेशनमध्ये घरच्या माणसाचा नंबर आधी टाका.

जीपीएस लॅपटॉपला जोडा, हाताने आकडे टाकू नका. ३० उत्तर १४० पश्चिमचं चुकून पूर्व झालं तर तुम्ही थेट जपानच्या दक्षिणेला दिसणार, मग बसा समजावत. ट्रान्समिट करताना ऑटोपायलट भरकटतो, हे बऱ्याच बोटींवर होतं, वायरींना फेराइट (रेडिओचा त्रास अडवणारी कडी) लावा आणि तेव्हा कोणीतरी सुकाणूपाशी असू द्या. बॅकस्टेला त्यावेळी हात लावायचा नाही, चटका बसतो. स्टेशन जोडायला दिवसा १४ मेगाहर्ट्झ, रात्री ७ किंवा १० बघा.

अमेरिकन हॅम लायसन्स जनरल क्लासचं लागतं, त्याखालच्या नुसत्या टेक्निशियनवर १४.३०० वर बोलता येत नाही. दोन्ही परीक्षा एकाच बैठकीत देता येतात आणि त्यासाठी अमेरिकन सिटिझन असायची गरज नाही, एच-वन वाल्यांनी बिनधास्त द्या.