आठ अक्षरांचं स्पॅनिश

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. म्हणून गाइड मंडळींचा माझा स्पॅनिशचा क्लास याच दोन दिवशी भरतो. त्यातही खरी हजेरी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की फोन येतात, "मॅडम, ग्रुप आलाय, आज जमायचं नाही." इतर दिवशी कॉलेजची मुलं असतात. परभणी, जालना, लातूरहून छत्रपती संभाजीनगरात शिकायला आलेली. यांना परीक्षा द्यायची असते, गाइडांना दुसऱ्या दिवशी समोरच्या पाहुण्याशी बोलायचं असतं.

अडचण मात्र दोघांची एकच होती. कैलास लेणं एका अखंड खडकातून वरून खाली कोरत आणलंय, हे स्पॅनिशमध्ये सांगायला माझे गाइड फार लवकर शिकले. पाठच केलेलं असतं ना. पण पाहुण्यानं मध्येच काही विचारलं की सगळं ठप्प. खुलताबादकडचे एक काका मला म्हणाले होते, "मॅडम, कागदावर दाखवा, एकूण एक शब्द सांगतो. पण तो माणूस बोलायला लागला की सुटं काहीच ऐकू येत नाही. सगळं एकाला एक चिकटून यायलंय."

काकांनी नेमकं सांगितलं होतं. स्पॅनिशमध्ये एका शब्दाच्या शेवटी स्वर असेल आणि पुढचा शब्द स्वरानंच सुरू होत असेल, तर बोलताना त्या दोन स्वरांचं मिळून एकच अक्षर होतं. याला ते सिनालेफा म्हणतात. कागदावर दोन शब्दांमध्ये दिसणारी मोकळी जागा कानाला मिळतच नाही. पुस्तकाबरोबर येणाऱ्या रेकॉर्डिंगमधली माणसं इतकी सावकाश आणि तोडून बोलतात, की त्यावर तयार झालेला कान वेरूळच्या पार्किंगमध्ये काही कामाचा राहत नाही.

गाण्याकडे मी वळले ती या सिनालेफापायी. करमणूक म्हणून नव्हे. भाषेच्या वर्गात शेवटची दहा मिनिटं उरली की गाणं लावायचं, ही पद्धत मला कधीच पटली नाही. मुलं माना डोलावतात आणि घरी जातात. गाण्याच्या कागदावर रिकाम्या जागा भरायला देण्याचंही तसंच. मुलगा त्या एका शब्दाची वाट बघत बसतो आणि आजूबाजूचं सगळं सोडून देतो.

सुरुवातीला घेतलं 'ग्वांतानामेरा'. चाल क्यूबाची, आणि आज त्यात जी कडवी गातात ती होसे मार्ती या क्यूबन कवीच्या 1891 साली आलेल्या कवितासंग्रहातली. निवडायचं कारण साधं होतं. मार्तीच्या या ओळी आठ अक्षरांच्या मापात आहेत, आणि शब्द सोपे आहेत.

पहिली ओळ टाळ्या वाजवत मोजली. यो-सोय-उन-ओम्-ब्रे-सिन-से-रो. आठ. काका गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. म्हणाले, "जे का रंजले गांजले. हे पण आठच आहे की." लहान अभंगाचं माप! मला हे सुचलं नव्हतं, खरंच. मग सगळा वर्ग बोटं मोजायला लागला.

खरी गंमत पुढच्या एका कडव्यात आली. माझी कविता फिकट हिरव्या रंगाची आहे, अशा अर्थाची ओळ आहे: 'मी वेर्सो एस दे उन वेर्दे क्लारो'. मोजा. कागदावर दहा भरतात. "मॅडम, मार्ती चुकला," मागून कुणीतरी. मी गाणं पुन्हा लावलं आणि फक्त टाळ्या मोजायला सांगितल्या. आठच. मग दोन अक्षरं गेली कुठं? 'वेर्सो' आणि 'एस' मिळून 'वेर्-सोएस' झालं, 'दे' आणि 'उन' मिळून 'देउन' झालं. गेलं काहीच नव्हतं, चार अक्षरांची दोन झाली होती. व्याकरणाचा नियम म्हणून हे माझं आधी फळ्यावर लिहून झालं होतं. तेव्हा वहीत उतरलं होतं, कानात नाही.

तिथून पुढं वर्गाची रीत ठरून गेली. आधी कागद नाही, नुसतं ऐकायचं. मग हरिपाठात म्हणतो तसं, मी एक ओळ म्हणायची आणि मागून सगळ्यांनी. सूर लागतो का याच्याशी मला देणंघेणं नाही, अक्षरं मापात बसली पाहिजेत. आणि मग कागद, पण त्यावर सगळे शब्द सलग छापलेले, मध्ये जागाच नाही. ऐकत ऐकत शब्द जिथं तुटतो तिथं उभी रेघ मारायची. पहिल्या वेळी भलभलत्या ठिकाणी रेघा येतात. हळूहळू हात बसतो. काही जण आधी देवनागरीत लिहून घेतात, त्याला मी सुरुवातीला हरकत घेत नाही. आपले त, द, प, क स्पॅनिशला अगदी फिट्ट बसतात, इंग्रजी वळणानं बोलणाऱ्यांपेक्षा आमची मुलं तिथं सरस असतात. पण स्पॅनिशमध्ये 'ब' आणि 'व' ही दोन अक्षरं वेगळी लिहितात आणि उच्चार एकच करतात. त्यामुळे ऐकून लिहिताना तिथं सगळेच धडपडतात, आणि त्याला गाणं काही करू शकत नाही. ते पाठच करावं लागतं.

दुसरा फायदा आघाताचा. मराठीत आपण शब्दातल्या अमुकच अक्षरावर जोर देत नाही, म्हणून आपलं स्पॅनिश सपाट ऐकू येतं. नियम आहे: शब्द स्वर, 'न' किंवा 'स' यांनी संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्या, आणि अपवादाला वर तिरकी खूण. 'सिएलितो लिंदो' हे 1882 च्या सुमाराचं मेक्सिकन गाणं तीन-तीनच्या ठेक्यात आहे, म्हणजे आपल्या दादऱ्यावर आरामात बसतं. काकांनी बाकावरच दादरा धरला. सम यायची तिथं बहुतेक वेळा शब्दाचा जोरही यायचा.

फी भरणाऱ्यांना हे पटवणं वेगळंच काम होतं. एका मुलीचे वडील दारात उभे राहून म्हणाले, "गाणी म्हणायला पाठवायलोय का आम्ही?" त्यांना आत बोलावून बसवलं आणि मुलीकडून रेघांचा कागद सोडवून घेतला. ते काही बोलले नाहीत, पण पुढची फी वेळेवर आली. पोरांना अर्थात 2017 चं 'देस्पासितो' हवं असतं. त्याचे शब्द समजून घेऊन ते वर्गात, बाहेर पालक उभे असताना, मोठ्यानं म्हणायची माझी तयारी नाही. घरी ऐका म्हणते. शिवाय कॅरिबियन बोलीत अक्षराच्या शेवटचा 'स' गळतो, नवशिक्याला ते जड जातं.

आवडीनिवडी शिकवायला मानू चाओचं 2001 मधलं 'मे गुस्तास तू' जगभरच्या वर्गांत वापरतात, मीही वापरते. आमच्याकडं त्यावर फार वेळ जात नाही, कारण रचना थेट 'मला आवडतं, मला आवडतात' अशीच आहे. मुलांनी लगेच त्यात हुरडा घातला, धपाटे घातले, एकानं नान खलिया घातला. एकाला 'गुस्ता', अनेकांना 'गुस्तान', कुणी चुकलं नाही.

सगळ्यात जास्त रमलो ते 'ओहाला के युएवा काफे'मध्ये. डॉमिनिकन गायक हुआन लुइस गेर्रा यांचं 1989 चं गाणं, शेतात कॉफीचा पाऊस पडू दे असं मागणारं. इच्छा सांगताना स्पॅनिश क्रियापदाचं रूप बदलतं, आणि पुस्तकांत हा धडा इंग्रजीतून समजावताना पानंच्या पानं जातात. आपल्याकडं 'पडो, होवो, भरो' आहेच. हा धडा मी मुद्दाम जून-जुलैत घेते, पावसानं ओढ दिलेली असते तेव्हा. मुलांना स्वतःच्या ओळी करायला सांगितल्या, तर कॉफी कुणीच मागितली नाही. जायकवाडी भरो, सोयाबीनला भाव येवो. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा शाळेत असलेल्या मुलीनं लिहिलं, आमच्या नळाला रोज पाणी येवो. क्रियापदं सगळी बरोबर होती.

कॉलेजच्या मुलांपैकी काही जणांनी देले या स्पॅनिशच्या परीक्षेची पहिली पातळी दिली. तिथं ऐकण्याच्या भागात प्रत्येक उतारा दोनदा वाजवतात आणि ऐकणं-बोलणं मिळून पन्नासपैकी तीस लागतात. ज्यांनी रेघांचे कागद मनापासून केले होते, त्यांना ऐकण्याचा भाग वाचनापेक्षा सोपा गेला. काकांनी परीक्षा दिली नाही. ते म्हणतात, अर्जेंटिनाचा माणूस 'यो'ला 'शो' म्हणतो हे मला कळायला लागलं, मला तेवढं बास.

पुढच्या पातळीला भूतकाळ येतो, दोन तऱ्हांचा. एकदा घडून गेलेलं वेगळं, आणि तेव्हा चालू असायचं ते वेगळं. त्यासाठी सध्या मेक्सिकोचे कोरिदो ऐकतेय. लढाया, बंडखोर, 1910 च्या क्रांतीतले सरदार, सगळं पोवाड्याच्या थाटात, आणि बहुतेक ओळी पुन्हा आठच अक्षरांच्या. कोणता घ्यायचा ते ठरलेलं नाही. काकांना एक ऐकवला, तर त्यांनी डफ कुणाकडं मिळेल याची चौकशी सुरू केलीय.