अग्निवीर भरती आणि आधारवरची एक तारीख : माझा अनुभव

आमच्या गल्लीत कुणीतरी हमखास म्हणतं, "पोरं बिघडल्यात, दोन वर्षं मिलिटरी सक्तीची करा." पूर्वी मीही मान डोलवायचो. आता राग येतो. दक्षिण कोरियात सक्ती आहे, तिथं पोरांना १८ महिने लष्करात काढावेच लागतात. इथं सक्ती नसताना पोरं पहाटे साडेचारला रंकाळ्यावर पळतात आणि अडतात कागदावर.

माझं अग्निवीरचा फॉर्म भरतानाच अडलं. दहावीच्या सर्टिफिकेटवर जन्मतारीख १९ ऑगस्ट, आधारवर १ जानेवारी. लहानपणी शाळेत आधारचं शिबिर लागलं होतं, तेव्हा कुणीतरी तसं टाकलेलं. मुदत संपायला बावीस दिवस.

आधार केंद्रात म्हणाले, जन्मदाखला आणा. ग्रामपंचायतीत म्हणाले, नोंदच नाही. दोन दिवस तिथंच घातले. मग आई म्हणाली, "आरं, पहिलं बाळंतपण माहेरी न्हाई का झालं?" जन्म जिथं, नोंद तिथं. हे आधी घरात विचारा, माझे दोन दिवस वाया गेले.

शिरोळ तालुक्यातल्या आजोळी ग्रामसेवकांनी जुनं रजिस्टर काढलं. पानाच्या कडा झिजलेल्या, निळी शाई फिकटलेली. आईनं बोट फिरवत स्वतःचं नाव शोधलं आणि बराच वेळ बोट तिथंच ठेवलं. मामा मराठा लाईट इन्फंट्रीतून पेन्शनवर आलेले. माझी भरती चार वर्षांची, कायम होणार चौघांत एक, हे तिला माहीत आहे. तरी तीच माझ्याबरोबर आली होती.

दाखला मिळाला, तरी केंद्रातून तीनदा परत पाठवलं. एकदा सर्व्हर बंद, एकदा टोकन संपले, एकदा शिक्का पुसट. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, त्यानं काही झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी सातला दारात उभा राहिलो, तेव्हा काम झालं. जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून पावतीवरचं अक्षर न् अक्षर तिथंच वाचा. दुरुस्ती होऊन आली तेव्हा फॉर्मचे दोन दिवस उरले होते.

पुढं लेखी झाली, रॅली झाली. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले, ६० पैकी ६०. दहा पुल-अप्सचे ४०. मेडिकलही झालं, आता मेरिट लिस्टची वाट बघतोय.

आणि हो, सरपंचांचा चारित्र्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो. रॅलीत माझ्या पुढच्या पोराचा जुना निघाला होता.