आईचं बोचकं

आषाढी जवळ आली की आई माळ्यावरून एक बोचकं खाली काढायची. आत एक कोरी साडी, गंगेचा सीलबंद गडू, तुळशीची वाळकी काष्ठं आणि गोपीचंदनाचा खडा. पावसाळ्यात जे काय ऊन मिळेल त्यात ती साडी पसरायची, मग घडी मोडून दुसऱ्या बाजूने घालायची. एकाच घडीवर राहिली की कापड चिरतं म्हणे. "बाय, हे माझ्या जायच्या वेळचं. कुठे ठेवलंय ते ध्यानात असू दे." मला ते ऐकवायचं नाही. ती मात्र एकादशीच्या पहाटे आमच्या गोव्यातल्या अस्नोड्याहून दिंडीबरोबर साखळीच्या विठ्ठलापूरला चालू लागायची.

हे बोचकं तिने बाबा गेल्यावर बांधलं. त्यानंतर ती निराश झाली असेल असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. वाण्याच्या पसऱ्यावरची उधारी ती एकादशीच्या आत फेडू लागली. ज्या जावेशी अबोला होता तिच्या दारात आपणहून गेली. अभंग स्वतः वाचता यावेत म्हणून साठीला शेजारच्या मुलीकडून अक्षरं गिरवली. जायची तयारी झालेली होती, म्हणून तिला कशाचीच चालढकल करावी लागली नाही. हे मला फार उशिरा उमगलं.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. यंदा तिची तुळशीची माळ गळ्यात घालून मी पहिल्यांदा निघाले.

मुळगावपर्यंत पाऊस सोबत होता. खाणपट्ट्यातली लाल माती पाण्याबरोबर रस्त्यावर आलेली, पावलं घोट्यापर्यंत रंगलेली. कडेच्या शेतात लावणी चालू होती. टाळ ऐकून बाया कंबर सरळ करायच्या, चिखलाचेच हात जोडायच्या, पुन्हा वाकायच्या. माझ्यापुढे एक आजी चालत होत्या, सत्तरी कधीच ओलांडलेली. चप्पल तुटली तशी त्यांनी ती पिशवीत टाकली. मी माझी देऊ केली तर म्हणाल्या, "तुला अजून खूप चालायचं आहे, माउली."

खरंच आहे का खूप? डिचोली येईपर्यंत तेच डोक्यात होतं. तिथे दिंडी विसावली. केळी, शेंगदाण्याचे लाडू, चहा. कीर्तनकार बुवा नामदेवांच्या पायरीबद्दल बोलले. पंढरपूरच्या महाद्वारातली पहिली पायरी ही नामदेवांची समाधी, १३५० सालची. आपण कुठे निजायचं ते त्यांनी ठरवून टाकलं, संतांचे पाय आपल्यावर पडावेत म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर माळ्यावरचं बोचकं आलं.

मला सांगायलाच हवं: आई गेली तेव्हा धाकटा भाऊ बोटीवर होता. त्याला पोचता आलं नाही. पुढे घराच्या वाटणीचा विषय निघाला. आपल्या गोव्यात लेकीलाही लेकाइतकाच वाटा. त्यावर तो काही बोलला, मी त्याहून जास्त बोलले. तेव्हापासून फोन बंद. दर दिवाळीला म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू.

कारापूरवरून विठ्ठलापूरला पोचलो तेव्हा रांग लांबवर गेली होती. वाळवंटी नदीचं पाणी गढूळ, काठोकाठ. देवळात शिरताना मी पायरीला हात लावला आणि तो बराच वेळ उचललाच नाही. मागच्या बाईने हळूच पाठीवर हात ठेवला.

दर्शन घेऊन नदीकाठी आले, पदराने फोन पुसला आणि भावाला लावला. त्याने उचलला. दोघंही गप्प. मागे टाळ वाजत होते, ते त्याला ऐकू गेले असावेत.

"विठ्ठलापूरला आहेस?"

"हो. आईची माळ घालून आलेय."

पुन्हा तो थांबला. मग विचारलं, "ती साडी नेसवली होतीस ना गे तिला?"

मी घाटावर बसले आणि बोचक्याची गाठ सोडल्यापासूनचं सगळं त्याला सांगू लागले.