३.२ नावाचे दोन प्रोग्रॅम

फेब्रुवारीत द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असतो. त्या सोमवारी पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधून सुपरवायझर काकांचा फोन आला. "मॅडम, साडेचार किलोच्या पेटीवर पाच किलोचं लेबल निघतंय! दुपारी कंटेनर भरायचाय."

लेबल छापणारा प्रोग्रॅम आमचा. त्याच्या कोडचा इतिहास आम्ही गिट या साधनात ठेवतो, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक आवृत्तीला तिथे एक नाव देतो, म्हणजे टॅग. अंबडच्या ऑफिसात मी लगेच ३.२ हा टॅग चेकआउट करून, म्हणजे त्या आवृत्तीचा कोड काढून, प्रोग्रॅम चालवला. लेबल आलं ४.५. पुन्हा चालवला, तरी ४.५. काकांच्या स्क्रीनवरही आवृत्ती ३.२ च दिसत होती. प्रिंटर, ड्रायव्हर, वजनकाटा, सगळ्यांवर संशय घेण्यात दोन तास गेले. शेवटी बिल्ड सर्व्हरचा, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या मशीनचा लॉग उघडला, तर तिथल्या ३.२ चा कमिट हॅश, म्हणजे कोडच्या त्या नोंदीचा ओळख क्रमांक, माझ्याकडच्या हॅशशी जुळेना. टॅगसकट फेच केलं, म्हणजे सर्व्हरवरचं सगळं माझ्याकडे ओढलं, तर गिटने 'रिजेक्टेड' म्हणून नकार दिला. २०१८ च्या २.२० आवृत्तीपासून गिट फेच करताना आपल्याकडचा टॅग परस्पर बदलत नाही. आधीची आवृत्ती असती तर माझा टॅगही मुकाट्याने बदलला असता आणि पुरावाच गेला असता.

लीड सरांनी लगेच सांगितलं, "शनिवारी एक छोटी दुरुस्ती राहिली होती. म्हणून टॅग पुढे सरकवला, फोर्स पुश केला." म्हणजे सर्व्हरवरचा जुना टॅग जबरदस्तीने बदलला. त्याच दुरुस्तीत वजन पूर्णांकात जात होतं.

मग वाद झाला, आणि मी आवाज चढवला. सरांची बरीच वर्षं सबव्हर्जन या गिटसारख्याच दुसऱ्या साधनावर गेलेली. तिथे टॅग म्हणजे कॉपी केलेलं फोल्डर, त्यात बदल केला तरी लॉगमध्ये नोंद राहते. मर्क्युरियल या तिसऱ्या साधनात टॅग एका फाइलमध्ये असतात आणि त्या फाइलचाही इतिहास असतो. गिटचा साधा टॅग म्हणजे नुसतं एक नाव आणि त्यापुढे कमिटचा हॅश. हॅश बदलला की कुणी बदलला, कधी बदलला, काही कळत नाही. मी म्हटलं, "सर, ३.२ बाहेर गेलं की ते आपलं राहत नाही. दुरुस्ती केली तर नाव नवं हवं." गिटच्या मॅन्युअलमध्येही हेच सांगितलंय.

सरांची अडचणही खोटी नव्हती. "दर आठवड्याला आकडा वाढला की ग्राहक विचारतो, एवढ्या चुका कशा?"

टेस्टिंगच्या ताई म्हणाल्या, "आकडा वाढलेला चालतो हो. एकाच आकड्याचे दोन प्रोग्रॅम निघाले तर मी तपासलं काय?" यावर सर गप्प झाले.

मी दुरुस्ती करून ३.२.१ बनवला. या वेळी अ‍ॅनोटेटेड टॅग, म्हणजे त्यात माझं नाव, वेळ आणि संदेश: 'साडेचार किलोचं लेबल'. पावणेदोनला काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लेबलचा फोटो पाठवला. निव्वळ वजन ४.५ किलो.

टॅग बदलू न देणारा हूक, म्हणजे आपोआप चालणारी छोटी तपासणी, संध्याकाळी सरांनीच सर्व्हरवर लावला. मी मात्र रजिस्टर घेऊन बसले आणि एकेका पॅकहाउसला फोन लावून विचारत होते, "तुमचं ३.२ शनिवारच्या आधीचं की नंतरचं?"