मार्गिट पुलाच्या वळणावर

बुडापेस्टला चार नंबरची ट्राम घ्या नाहीतर सहा नंबरची, दोन्ही डॅन्यूब नदीवरच्या मार्गिट पुलावरूनच जातात. पुलाच्या एका टोकाला पेश्ट, दुसऱ्याला बुडा. प्रश्न फक्त कुठे उतरायचं एवढाच, आणि मी नेमकी तिथेच चुकले. पेश्टच्या काठावर, यासाई मारी चौकात उतरायचं होतं. डॅन्यूब दिसली, खिडकीला नाक लावून बसले आणि भानावर आले तेव्हा बुडाच्या बाजूला पोचलेही होते. मग काय, पूल चालत उलटा ओलांडायचा.

बुडापेस्टला आलेली माणसं चेन ब्रिज बघतात, गरम पाण्याच्या कुंडात डुंबतात, लांगोश खातात. (लांगोश म्हणजे आपल्या भटुऱ्याचा दणकट भाऊ. वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. एकात दोघांचं जेवण होतं.) हे सगळं मीही केलं. पण लेकीने कामगिरी दिली होती ती या पुलाची. ती संभाजीनगरला सेबर खेळते. तलवारबाजीतल्या तीन हत्यारांपैकी हे सगळ्यात तापट. फॉइल आणि एपेमध्ये फक्त टोक टोचायचं. सेबरमध्ये धारेने वारही चालतो, तोही कमरेच्या वर, डोक्यावरसुद्धा. दांडपट्टा पाहिलेल्याला यातली मजा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आणि सेबर म्हणजे हंगेरी. इटलीचे इटालो सांतेल्ली १८९६ साली इथे येऊन शिकवू लागले आणि या शहरात सेबरची एक वेगळी घडणच तयार झाली. १९२८ ते १९६० या काळात झालेल्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये, म्हणजे ओळीने सात वेळा, सेबरचं सांघिक सुवर्ण हंगेरीने नेलं. त्या संघांत ज्यू खेळाडू किती होते हे लेकीनेच शोधून काढलं, आणि त्यातल्या एका नावाशी अडकली: काबोश एन्द्रे.

हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. (बाकीची नावं मी नेहमीच्या क्रमानेच लिहिते.) जन्म ५ नोव्हेंबर १९०६, नॉजव्हाराद गावी. ते आता रोमानियात आहे, नाव ओरादेआ. वाढदिवसाला कुणीतरी तलवारबाजीचा पोशाख भेट दिला, दोस्तांनी त्यावरून टर उडवली आणि हा पठ्ठ्या हट्टाने जाऊन क्लबात नाव घालून आला, अशी गोष्ट सांगतात. खरी असावी असं मला वाटतं. त्या वयात पोरं हट्टापायी काहीही करतात, माझ्या घरात नमुना आहे.

१९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य. १९३६ ला बर्लिनमध्ये दोन्ही सुवर्णं. बर्लिन, १९३६! हिटलरच्या अंगणात जाऊन एक ज्यू सेबरचा विजेता झाला. इटलीचा मार्झी दुसरा आला. त्याच ऑलिंपिकात महिलांच्या फॉइलमध्ये पहिली इलोना एलेक, दुसरी हेलेन मायर, तिसरी एलेन प्राइस. तिघींच्याही घराण्यात ज्यू रक्त.

यातलं मला सगळ्यात नवल वाटतं ते वेगळंच. तेव्हा सेबरला वार नोंदवणारी विजेची जोडणी नव्हती. ऑलिंपिकमध्ये ती आली थेट १९९२ ला. म्हणजे वार लागला की नाही, हे पिस्टभोवती (म्हणजे खेळायच्या पट्टीभोवती) उभे असलेले चार पंच डोळ्यांनी बघून सांगणार आणि पाचवा निकाल देणार. आज दिवे लागतात तरी लेकीच्या स्पर्धेत ‘आधी कुणाचा हल्ला’ यावरून पालकांचे आवाज चढतात (माझाही चढतो). आणि हा माणूस त्या बर्लिनमध्ये पाच जोडी डोळ्यांवर भरवसा ठेवून खेळला.

पुढे हंगेरीतच ज्यूंविरुद्ध कायदे झाले. सैन्यात त्यांना हत्यार नाही, वेठबिगारीच्या तुकड्या तेवढ्या. १९२८ आणि १९३२ च्या सुवर्णसंघातला अतिला पेट्शाउअर अशाच तुकडीतून पूर्व आघाडीवर गेला आणि १९४३ मध्ये छळ होऊन मेला. त्याच तुकडीत कुस्तीतला ऑलिंपिक विजेता कारोली कार्पाती होता; जे घडलं ते त्याने नंतर सांगितलं. कडाक्याच्या थंडीत अतिलाला कपडे उतरवून झाडावर चढायला लावलं, कोंबड्यासारखं आरवायला लावलं आणि अंगावर पाणी मारलं. हे वाचून लेक दोन दिवस सरावाला गेली नव्हती. ओस्कार गेर्दे आणि यानोश गाराय, दोघेही सुवर्णविजेते, माउटहाउझेनच्या छळछावणीत संपले.

काबोशही वेठबिगारीत होता. ४ नोव्हेंबर १९४४ च्या दुपारी तो या पुलावर होता. माघार घ्यायची वेळ आली तर पूल उडवता यावा म्हणून जर्मन सैनिक स्फोटकं लावत होते. ती आधीच उडाली. वर ट्राम होत्या, गाड्या होत्या, पायी चालणारी माणसं होती. पेश्टकडचा भाग नदीत कोसळला. सुमारे सहाशे माणसं गेली असं मानतात. दुसऱ्या दिवशी काबोशला अडतीस पूर्ण होणार होती.

पूल मधोमध, मार्गिट बेटाच्या टोकाशी, वाकतो. त्या कोपऱ्यात मी कठड्याला टेकले. पिवळी ट्राम वळणावर आली की चाकं कुरकुरतात आणि आतली उभी माणसं एका बाजूला कलतात. पलीकडे पार्लमेंटचा घुमट, त्याच्याही पुढे काठावर ते लोखंडी बूट; नदीकाठी उभं करून गोळ्या घातलेल्या ज्यूंचं स्मारक. तिथे आदल्या संध्याकाळी जाऊन आले होते. एका लहान बुटात कुणीतरी लिमलेटची गोळी ठेवली होती.

लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सराव नुकताच संपला होता, मास्कचा वळ कपाळावर तसाच.

“कुठून पडला?”

“या बाजूचा. पेश्टकडचा.”

“चालून दाखव ना.”

फोन समोर धरून चालू लागले. दिव्याचे खांब मागे पडत होते, सायकलवाले घंटी वाजवत बाजूने जात होते, खाली एक मालवाहू बोट पुलाखाली शिरत होती.

“अजून?” तिने विचारलं.

“अजून,” म्हटलं, आणि चालत राहिले.