सगळं ऑटोमॅटिक आहे म्हणे! भाड्याची गाडी, पावसातला घाट आणि एक लाल फ्यूज

‘सगळं ऑटोमॅटिक आहे, काही बघावं लागत नाही’ असं म्हणून कोणी तुमच्या हातात गाडीची किल्ली ठेवली, तर त्या माणसाला तिथंच थांबवा. आत बसा आणि उभ्या गाडीत एकेक बटण दाबून बघा. अर्धा तास जाईल, जाऊ द्या. आम्हाला तो मिळालाच नाही. कागदांवर सह्या झाल्या, बंपरवरच्या ओरखड्यांचे फोटो काढून झाले आणि ‘निघा आता, उशीर होईल’. ओरखड्यांची एवढी काळजी असलेल्या माणसानं काचेवरची वाफ कशी घालवायची हे दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर मला एवढं लांबण लावावं लागलं नसतं.

कुठला रस्ता, कुठला मुक्काम हे इथं शोधू नका. डोंगर चढून पलीकडे समुद्राकडे उतरणारा कुठलाही पावसाळी घाट धरा, तिथं हेच होणार. गाडी नीट चालवता येते, स्टेपनी बदलता येते, टॉर्च आणि हवेचा गेज जवळ आहे, एवढं मी गृहीत धरते.

घाट लागला तेव्हा अंधारत आलं होतं. गाडीत आम्ही चौघं, मागे आत्याची ओली छत्री, दोन भिजलेली जर्किनं आणि पायपुसण्यांवर साचलेलं पाणी. पहिल्या दोन-तीन वळणांतच समोरची काच खालच्या कडेपासून पांढरी व्हायला लागली. आतली हवा आपोआप सांभाळणारं ‘ऑटो’ चालू होतं, तापमान २२ वर होतं, म्हणजे त्या माणसाच्या हिशेबानं बघण्यासारखं काही नव्हतं. आत्या मागून रुमाल पुढे करून म्हणते, "अगं, पूस ना ती काच, मला इथून काही दिसत नाहीये." पुसली. पुसलेल्या जागी पाण्याचे फराटे राहिले आणि समोरून ट्रक आला की त्या प्रत्येक फराट्यात त्याचा हेडलाइट पसरायचा. मग गरम हवा लावली. क्षणभर बरं वाटलं आणि काच आधीपेक्षा जास्त धरली. पुढची वळणं मी बाजूची काच उघडून, डोकं बाहेर काढून पांढऱ्या पट्टीवर घेतली. खांद्यापर्यंत भिजले आणि गाडीत पाण्याची आणखी भर पडली.

कठड्यापाशी जरा रुंद जागा मिळाली तिथं गाडी घेतली. डॅशबोर्डच्या कप्प्यात मॅन्युअल होतं, कारखान्यातून आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं. भाड्याच्या गाडीचं मॅन्युअल कोणी उघडतच नाही, हे त्या पिशवीवरून कळलं. टॉर्चच्या उजेडात दोन पानं वाचली आणि काच दोन-तीन मिनिटांत आरपार दिसायला लागली. दोन पानं!

झालं होतं ते असं. गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेलं जे बटण असतं, ते गाडी ताब्यात आली तेव्हापासून दाबलेलंच होतं. त्यानं बाहेरची हवा बंद होते आणि आतलीच हवा फिरत राहते. उन्हात गाडी पटकन गार करायला किंवा पुढच्या ट्रकचा धूर टाळायला ते ठीक. पावसात मात्र चार माणसांचा श्वास आणि ओले कपडे यांतून निघालेली सगळी वाफ आत कोंडते आणि गार काचेला लागून तिचं पाणी होतं. बहुतेक गाड्यांत हे बटण एकदा हातानं दाबलं की ऑटो त्यात ढवळाढवळ करत नाही. वर एसी बंद होता, कारण बाहेर थंडी. इथंच भलेभले फसतात. एसीचं काम नुसतं गार करणं नाही. हवा त्याच्या थंड जाळीवरून जाते तेव्हा तिच्यातलं पाणी जाळीवर धरतं आणि नळीवाटे गाडीखाली गळतं. म्हणजे आत येणारी हवा कोरडी होते. म्हणून पावसात एसी आणि गरम हवा एकाच वेळी लावायची. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण काच पुसायला यापेक्षा चांगला रुमाल नाही. आतलीच हवा फिरत असताना नुसती गरम हवा लावली, तर ती सीट, कपडे, पायपुसणी यांतली आणखी वाफ उचलते आणि काचेवर आणून टाकते.

तर घाटाआधी करायचं ते एवढंच: बाहेरची हवा चालू, एसी चालू, तापमान वर, हवेचा झोत समोरच्या काचेवर, ब्लोअर मोठा. बऱ्याच गाड्यांत यातलं बहुतेक सगळं एकाच बटणात असतं. त्यावर वक्र बाजूंची काच आणि वर जाणारे नागमोडी बाण असं चित्र असतं. त्याच्याच शेजारी तसेच बाण पण सरळ आयत असलेलं बटण असेल, तर ते मागच्या काचेचं. ही दोन बटणं घाटात गडबडीत हमखास उलटसुलट दाबली जातात, म्हणून उजेडात एकदा बोट ठेवून बघा. बाहेर गोठवणारी थंडी असेल तर पुष्कळ गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर चालूच होत नाही. तिथं बाहेरची हवा आणि हीटर यांवरच भागवायचं.

मागच्या काचेत बारीक तपकिरी तारा असतात, त्या तापतात आणि काच सुकते. वीज बरीच खातात, म्हणून ते बटण थोड्या वेळानं बहुतेक गाड्यांत आपोआप बंद होतं. बिघडलं म्हणून घाबरू नका, गरज असेल तर पुन्हा दाबा. डिक्कीत काचेला टेकवून टोकदार सामान ठेवू नका आणि जुना स्टिकर ब्लेडनं खरवडू नका. आमच्या गाडीत कोणीतरी ते करून ठेवलं होतं. एक तार तुटलेली, आणि बाकी काच स्वच्छ झाली तरी मधोमध वाफेचा आडवा पट्टा तसाच.

घाट उतरलो तर उलटाच खेळ. खाली दमट उकाडा, आत एसीनं गार झालेली काच. आता वाफ बाहेरून धरली. आत्याचा रुमाल पुन्हा पुढे! आतून कितीही पुसा, काही होत नाही. वायपर एकदा फिरवला की काच साफ, थोड्या वेळानं परत पांढरी. अशा वेळी एसीचा झोत काचेवरून काढायचा आणि तापमान थोडं वाढवायचं. कुठल्या बाजूची वाफ आहे हे बोट ओढून बघा. आतून रेघ उमटली तर आतली.

समुद्राकाठचे दिवस छान गेले. गाडीनं काही त्रास दिला नाही, तेव्हा सांगण्यासारखंही काही नाही.

परतीच्या वाटेवर रात्री समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता. आम्ही अप्परवर नव्हतो. डिक्की ठासून भरलेली आणि मागे माणसं, त्यामुळे गाडीचं नाक वर आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत. यासाठी ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ ०, १, २, ३ असे आकडे असलेली छोटी चकती असते. आकडा वाढवला की झोत खाली येतो, वर जात नाही. सामान उतरवलं की परत शून्यावर. काही गाड्यांत हे आपोआप होतं, तिथं चकती नसते. आणि मागचा लाल फॉग दिवा दाट धुकं सरलं की लगेच बंद करा. साध्या पावसात तो लावून पुढे चालणाऱ्यांबद्दल मला काय वाटतं ते लिहीत नाही.

आता गॅरेज. यावर मी अजून चिडलेली आहे, तेव्हा थोडं लांबेल.

गाडीसोबत हवा भरायचा छोटा पंप दिला होता, ‘हवा कमी वाटली तर हा लावा’ असं बजावून. एका चाकात हवा कमी वाटली, लावला. मिनिटभर घरघरला आणि बंद पडला. त्याच्यासोबत चार्जिंगचं सॉकेट गेलं, यूएसबीही गेला, मोबाइल आधीच तळाला होता, म्हणजे नकाशाही गेला. रस्त्यालगतच्या पहिल्या गॅरेजमध्ये शिरलो. वायरमननं सॉकेटमध्ये टेस्टर घातला, मान हलवली आणि म्हणाला, "ताई, वायरिंग शॉर्ट आहे. पूर्ण लाइन बघावी लागेल." डॅशबोर्डखालचं पॅनल उघडून तो बराच वेळ आत डोकं घालून होता. मग सगळं चालू झालं आणि बिल हातात आलं. त्यात ‘वायरिंग दुरुस्ती’ हे दोनच शब्द आणि पुढचा आकडा आमच्या दिवसभराच्या पेट्रोलपेक्षा मोठा. जुना पार्ट दाखवा म्हटलं, तर त्यानं काउंटरवर नखाएवढा लाल फ्यूज टाकला. उजेडात धरला तर आतली नागमोडी पट्टी मधोमध तुटलेली आणि प्लॅस्टिक तिथं काळवंडलेलं. दुरुस्ती होती ती एवढीच, चिमट्यानं एक फ्यूज काढून दुसरा घालण्याची.

पैसे गेल्याचं वाईट वाटलंच. पण मुक्कामावर पोचल्यावर फ्यूजचा डबा उघडला तेव्हा पोटात गोळा आला. लालच्या जागी निळा बसवला होता. दोन चपट्या पात्यांच्या या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: तपकिरी ७.५ अँपिअरचा, लाल १०, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५, हिरवा ३०. जिथं १० चा हवा तिथं १५ चा घातला, तर पुढच्या वेळी फ्यूज उडायच्या आधी वायर तापेल. फ्यूज उडणं हा बिघाड नाही, ते त्याचं कामच आहे. मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद गुंडाळून ‘चालू करून देणारा’ माणूस तुमच्या गाडीला आग लावायची सोय करतो. डब्याच्या झाकणातच जादा लाल फ्यूज होता, गाडी बंद करून तो परत बसवला.

आणि मूळ कारण? पंपावर बारीक अक्षरात १८० वॅट, सॉकेटच्या झाकणावर १२० वॅट. १२ व्होल्टवर १२० वॅट म्हणजे १० अँपिअर, पंपाला हवेत १५. तो पंप त्या गाडीत चालणारच नव्हता. देणाऱ्यानं कधी लावून बघितला नसणार. सॉकेटला काहीही जोडण्याआधी हे दोन आकडे वाचा. जास्त वॅटचा पंप असेल तर थेट बॅटरीला चिमटे लावणारा घ्या. फ्यूजचे डबे साधारण दोन असतात, एक डॅशबोर्डखाली, एक बॉनेटखाली. कुठला फ्यूज कशाचा हे झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये असतं. त्या पानाचा फोटो निघण्याआधी काढून ठेवा, कारण मोबाइल उतरल्यावर इंटरनेटवर शोधता येत नाही. गॅरेजमध्ये काम सुरू व्हायच्या आधी विचारा: फ्यूज बघितला का?

हवेचं आणखी एक. चाकाच्या कडेवर छापलेला आकडा हा टायर सोसू शकेल त्या कमाल दाबाचा असतो, भरायचा नव्हे. भरायचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत किंवा पेट्रोलच्या झाकणात स्टिकरवर सापडतो, भरलेल्या गाडीसाठी बऱ्याचदा वेगळा लिहिलेला असतो, आणि तो टायर गार असतानाचा.

बॅटरीची लोक उगाच भलतीकडे काळजी करतात. आतला ५ वॅटचा दिवा रात्रभर राहिला म्हणून धडधाकट बॅटरी बसत नाही. १० तासांत तो जेमतेम ४ अँपिअर-तास खातो, छोट्या गाडीची बॅटरीसुद्धा ४० च्या आसपास असते. जुन्या धर्तीचे ५५ वॅटचे दोन हेडलाइट राहिले तर मात्र चार-पाच तासांत खेळ खलास. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीला लावलेला मीटर १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर उत्तम, १२.२ म्हणजे अर्धी संपली. चालत्या गाडीत डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चित्र दिसलं तर मागची काच, ब्लोअर, चार्जर सगळं बंद करा आणि गॅरेज गाठा, कारण आता चार्जिंग होत नाहीये. तेलाच्या किटलीचं लाल चित्र दिसलं तर गॅरेजही गाठू नका, गाडी बाजूला घेऊन तिथंच बंद करा.

रिमोट जवळ असूनही ‘किल्ली सापडत नाही’ असा संदेश आला तर बहुधा रिमोटचा सेल उतरलाय. रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असते, तिनं दार उघडा. मग स्टार्टच्या बटणाला रिमोट टेकवून ते बटण दाबा. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते. ती कुठली, हे किल्ली देणाऱ्यालाच विचारा. आमच्याला माहीत नव्हती.

गाडी परत करताना ओरखडे मोजायला तो माणूस येईलच. त्याच्याआधी स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन तुमचा मोबाइल ब्लूटूथमधून काढून टाका, नकाशातला घरचा पत्ता पुसा. आमच्या गाडीत आधीच्या तीन भाडेकरूंचे मोबाइल अजून नोंदलेले होते, त्यातल्या एकाची अख्खी संपर्कयादी उघडत होती.